फुलीची चादर

सोनाआक्काचं नाव आधी लिहिते. भोरला नीरेच्या काठाशी परटांची घरं होती, त्यांतल्या शेवटच्या घरातली सोनाआक्का. पुढं लिहिताना माझा धीर सुटला आणि कागद अर्धा राहिला, तरी हे एक नाव त्यावर आलेलं असावं. तिनं मला आणि माझ्या आबाला, म्हणजे बापाला, घरात घेतलं. घेतलं म्हणून तिच्या हातचं काम गेलं. तिनं ते कधी बोलून दाखवलं नाही. मी दाखवते.

आता झालं ते.

दवाखान्याच्या अंगणात मांडव घातला होता. आंब्याचे डहाळे बांधले होते. मांडवात खुर्च्या, खुर्च्यांवर शहरातली मोठी माणसं, काळे कोट, लाल पगड्या. मधल्या खुर्चीत शेठ, गळ्यात झेंडूचा हार. आणि मांडवाच्या बाहेर, उन्हात, माझा बाप. खांद्यावर दवाखान्याची चादर. भर उन्हाळा होता, तरी त्याला हुडहुडी भरायची. एका हातात काठी.

डॉक्टर म्हणाले, "कान धर आणि सांग मंडळींना."

आबानं डाव्या हातानं डावा कान धरला. उजव्या हातात काठी होती. त्याची कंबर मोडलेली. काठी सोडली असती तर तो खाली बसला असता आणि मग उठला नसता.

खुर्च्यांमधून कुणीतरी बोललं, "दुसरा कान कुणासाठी राखून ठेवलाय रे? अफूच्या दुकानासाठी का?"

सगळे हसले. शेठही हसले, पोट हलवून. डॉक्टर हसले नाहीत. त्यांना घाई होती. त्यांनी माझ्या पाठीला हात लावून मला पुढं केलं.

"दुसरा कान तू धर त्याचा."

बापाचा कान. लेकीनं धरायचा. चार माणसांत.

माझं वय नीट ठाऊक नाही. अजून परकरात होते, लुगडं नेसले नव्हते.

आबा अफू खायला कसा लागला ते सांगायला हवं. नाहीतर त्या मांडवातल्या लोकांसारखंच तुम्हालाही वाटेल, की चैनीसाठी.

आमची वाडी पालीच्या वरच्या अंगाला, राजगडाच्या सावलीत. भाताचं रोप टाकायच्या आधी जमीन भाजावी लागते. त्यासाठी झाडावर चढून टहाळ तोडायचा, वाळवायचा, शेतात पसरून पेटवायचा. त्याला आम्ही राब म्हणतो. आबा टहाळ तोडायला ऐनाच्या झाडावर चढला होता. फांदी मोडली. आबा खाली आला तो कमरेवर. चौघांनी घोंगडीत घालून घरी आणला. तो ओरडत नव्हता. दातांत घोंगडीचा काठ धरला होता.

आईनं फडताळातली डबी काढली. ती डबी आमच्याकडं घरोघर असायची. लावणीच्या दिवसांत बायका दिवसभर चिखलात वाकलेल्या असतात. तान्ही पोरं बांधावर, इरल्याखाली. ती रडून जीव काढतील म्हणून त्यांना बाजरीच्या दाण्याएवढी अफू चाटवून निजवायची. आम्ही सगळी भावंडं तशीच निजलो. माझी आई तशीच निजली होती. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. हळद असते तशी ती डबी.

आईनं विचार केला, पोराला उतार पडतो तर बापाला का नाही पडणार. दाण्याऐवजी बोराच्या बीएवढी दिली. आबा निजला. सकाळी पुन्हा कळ आली, पुन्हा दिली. महिनाभरानं कळ कमी झाली असेल. पण गोळीची वेळ टळली की आबाला जांभया यायच्या. एकामागून एक, जबडा निखळेल अशा. मग नाक गळायचं, डोळे गळायचे, अंगावर काटा यायचा, ढाळ लागायचे. आईला वाटलं, कमरेचंच दुखणं वर चढलंय. तिनं गोळी मोठी केली.

ही चूक आमचीच लोकं करू शकतात. ज्यांच्या घरी दुसरं काहीच औषध नाही, ती.

डबी संपली. मग बाजाराला जायचं कुणी? आईला शेत आणि धाकटी दोन. माझी चौथी निम्मी झाली होती. मास्तर आईला म्हणाले, "पोरगी हुशार आहे, वर्ष पुरं होऊ द्या." आई म्हणाली, "मास्तर, तुमीच सांगा, बाजार तुमी करता का?" तिथं माझी शाळा संपली.

वेल्ह्याच्या बाजारात शेठचं दुकान होतं. अफूचा मक्ता त्यांचा. दारावर सरकारी पाटी, आत काटा. शेठ बाजाराच्या दिवशी स्वतः गादीवर बसायचे. माझ्याशी गोड बोलायचे. "आली का माझी पोर? बा बरा आहे ना? सांग त्याला, शेठनं विचारलंय." काट्यात कधी खोट केली नाही. कधी गुळाचा खडा द्यायचे. मी तो खात खात घरी यायचे, कमरेला पुडी. हे मी लपवत नाही. मला शेठ आवडायचे.

आबाचं जेवण सुटलं. मांड्या काठ्यांसारख्या झाल्या. तेव्हा मास्तरांनीच सांगितलं, की भोरला एक दवाखाना आहे, तिथं अफू सोडवायला दोन खाटा ठेवल्यात. सरकारची मदत आहे, फुकट ठेवून घेतात. त्या दवाखान्याचं नाव मी लिहीत नाही. आईनं शेजाऱ्याची गाडी मागितली आणि तिला शेत सोडता येईना म्हणून आबासोबत मला धाडलं. कापूरहोळला आम्ही झाडाखाली भाकरी खाल्ली. आबानं खाल्ली नाही. म्हणाला, "फुकट ठिवत्यात म्हंजी काय करत्यात गं?" मी म्हणाले, "बरं करत्यात." तो म्हणाला, "फुकाट?" आणि हसला. खूप दिवसांनी हसला.

खोटं का बोलू, पहिले दिवस चांगले गेले. डॉक्टरांचा हात चांगला होता. ते गोळी रोज थोडी थोडी लहान करायचे आणि कडू काढ्यासोबत द्यायचे. आबा ओरडायचा, शिव्या द्यायचा, पण रात्री चार घास खायचा. त्याच्या गालावर मांस दिसायला लागलं. मी पडवीत निजायचे, ओसरी झाडायचे, कुणी सांगितलं नव्हतं तरी. फुकट ठेवलंय, मग काहीतरी करायला नको का? जो दिसेल त्याच्या पाया पडायचे मी. झाडूवाल्याच्यासुद्धा.

तिथंच सोनाआक्का पहिल्यांदा भेटली. दवाखान्याचं धुणं तिच्याकडं. गाढव घेऊन यायची, मळक्या चादरींचं गाठोडं बांधून न्यायची. आबाच्या चादरीच्या कोपऱ्यावर तळहाताएवढी काळी फुली होती. बाकीच्या चादरींवर एवढासा ठिपका. मी विचारलं, "ही कशापाई?"

"म्याच काढली," ती म्हणाली. "बिब्ब्यानं. अफूवाल्यांच्या चादरी भल्या मान्सांच्यात मिसळाया नकोत म्हनं. भट्टीबी येगळी लावाय सांगितलीया."

"धुतली तर जाती का?"

"बिब्बा हाय त्यो. कापड इरून जाईल पोरी, फुली न्हाई जायची." मग माझ्याकडं बघून म्हणाली, "माझ्याकडं बघू नगंस. सांगत्यात तसं काढती म्या."

तिनं गाठोडं एकच बांधलं. फुलीच्या चादरी आणि ठिपक्याच्या चादरी, सगळ्या एकात. मी ते पाहिलं. तिनंही पाहिलं, की मी पाहिलं.

मग एके दिवशी डॉक्टरांनी मला बोलावलं. वर्षाची मदत संपत आली होती. कमिटी खाटा बघायला येणार, तिला पटलं तर पुढचे पैसे मंजूर. डॉक्टर माझ्याशी शांतपणे बोलले. "बाळ, मंडळींना डोळ्यांनी दिसलं पाहिजे. तुझ्या बापानं उभं राहायचं, कान धरायचे आणि म्हणायचं, मी अफूबाज होतो, माझ्या हातानं घराची राख केली, थोरामोठ्यांच्या कृपेनं माणसात आलो. त्याच्या तोंडून नीट येणार नाही. तू शिकलेली आहेस, तू पाठ करून घे त्याच्याकडून. हे झालं नाही तर खाटा जातील. मग पुढच्याचं काय?"

मी मान हलवली. पुढच्याचं काय, हे मलाही पटलं होतं. मी आबाकडून पाठ करून घेतलं. मास्तर आमच्याकडून पाढे घ्यायचे तसं. आबा 'माझ्या हातानं घराची राख केली' इथं अडायचा. म्हणायचा, "राख तर राबाची." मी म्हणायचे, "आबा, नीट म्हना."

म्हणजे उभं राहायला आम्ही तयार होतो. एवढं सगळं गिळलं होतं.

पण त्या मांडवात मधल्या खुर्चीत शेठ बसलेले मी पाहिले. कमिटीत तेही होते. दवाखान्याला त्यांनी घोंगड्या दिल्या होत्या, म्हणून हार. त्यांनी मला ओळखलं. डोळे बारीक करून हसले, बाजारात हसायचे तसेच. आणि मग ते दुसऱ्या कानाचं बोलणं झालं, आणि डॉक्टर म्हणाले, "दुसरा कान तू धर त्याचा."

माझा हात उचलला गेला. हे मला आजही दिसतं. परकराला पुसून तो वर गेला, आबाच्या खांद्यापर्यंत. चादरीची फुली हाताला लागली. आबानं मान माझ्याकडं वाकवली. मला पोचावं म्हणून. त्यानं मान वाकवली ते मला सहन झालं नाही.

"न्हाई धरनार," मी म्हणाले.

"काय?"

"आबाचा कान न्हाई धरनार."

आबा हळूच म्हणाला, "धर की गं पोरी. काय जातंय."

शेठ समजुतीनं बोलले, "असू द्या डॉक्टर, लहान आहे. बापालाच शुद्ध नव्हती, पोरीला वळण कोण लावणार?"

"शेठ," मी म्हणाले. "अफू तुमच्याच दुकानातनं आनली. म्याच आनली. तुमी वळखता मला."

त्यांना राग आला नाही. हाच मला पुढं बरीच वर्षं घोर लागला, की राग का आला नाही. ते मंडळींकडं वळून हसत म्हणाले, "मग? परवान्याचं दुकान आहे. चोरीचा माल नाही. मी सरकारात भरणा करतो, त्याच भरण्यातून सरकार ह्या खाटा चालवतं. मुली, उपकार कुणाचे आहेत ते आधी समजून घे."

मी समजून घेतलं. तिथंच, उन्हात. आबानं शेठला दिलेलं शेठनं सरकारला दिलं. सरकारनं त्यातलं चिमूटभर खाटेला दिलं. आणि त्या खाटेवर निजायला आबानं कान धरायचा.

"मग ती खाट आबाचीच हाय," मी म्हणाले. "त्यानंच इकत घेतलीया."

आबा पुन्हा म्हणाला, "पोरी, धर गं." आणि त्याला जांभई आली. सगळ्यांसमोर, जबडा निखळेल अशी. ती जांभई बघून ते पुन्हा हसले.

डॉक्टरांचा चेहरा पांढरा पडला. ते फक्त एवढंच बोलले, "खाट रिकामी करा."

आबाची गोळी तेव्हा मुगाएवढी व्हायची बाकी होती. सोडवणूक अर्ध्यावर. अर्ध्यावर सोडलेल्याचे काय हाल होतात, हे ते जाणत होते. मी जाणत नव्हते.

सोनाआक्का धुणं न्यायला आली होती. फाटकापाशी उभी राहून तिनं सगळं ऐकलं. आम्ही बाहेर आलो तेव्हा आबाला पाऊल टाकवत नव्हतं. तिनं गाढवावरचं गाठोडं उतरवून स्वतःच्या डोक्यावर घेतलं. म्हणाली, "बसा पाव्हनं."

आबा गाढवाकडं बघत राहिला. आमच्याकडं माणसाला गाढवावर बसवतात ते धिंड काढायला.

"बसा. गाढवाला ठावं न्हाई तुमची इज्जत केवडी हाय. त्याला वजन तेवडं कळतं, आन् तुमाला तर त्येबी न्हाई."

आबा बसला. रस्त्यानं पोरं मागं लागली. एक म्हातारा ओट्यावरून ओरडला, "सोने, वरात कुणाची गं?" आक्का थांबली नाही. चालता चालता म्हणाली, "तुजी काढीन तवा बोलावते."

खांद्यावरची चादर तशीच आली. कुणाच्या ध्यानात राहिली नाही.

पुढचे दिवस मला नीट लिहिता येत नाहीत. भट्टीच्या बाजूच्या खोपटात आबा होता. बाहेर हंड्यात सोड्याचं पाणी उकळायचं, वाफ आत यायची, तरी आबा गारठलेला. पाय झाडायचा. ओकायचा. घाण व्हायची, आक्का न बोलता धुवायची. ती वैद्य नव्हती, तिला औषध ठाऊक नव्हतं. ती फक्त उठून गेली नाही. आबा तिला शिव्या द्यायचा तेव्हा ती म्हणायची, "द्या, द्या. माझा दादला ह्याहून चांगल्या द्यायचा. त्या याद हायेत मला."

एका दुपारी आबानं माझा हात धरला. "शेठचं दुकान हितं बाजारपेठंत बी हाय. जा. एकच आन. बाजरीएवडी. तुला न्हान असताना देत हुतो ना आमी, तेवडी." त्याचे डोळे गळत होते. "दोन वळी म्या म्हनल्या असत्या गं. तू कान धराय पायजे हुतास."

मी गेले नाही. तिथंच बसून राहिले, त्याच्या हातात हात देऊन. त्यानं तो इतका दाबला की नखं आत गेली.

आबा वाचला. कसा, ते देवाला ठाऊक. पण दवाखान्यानं आक्काचं धुणं बंद केलं. चादर चोरीला गेली म्हणाले. खरं कारण सगळ्या भोरला ठाऊक होतं. आम्ही निघालो तेव्हा तिनं ती चादर घडी करून माझ्या हातात दिली. "चोरीचं नाव झालंच हाय. चादर तरी कामाला यिऊ दे." मी तिच्या पाया पडायला वाकले. तिनं मला दंडाला धरून उभं केलं. "लई पाया पडतीस गं तू. कमी कर."

आबानं पुन्हा अफू खाल्ली नाही. पण कमरेची कळ होतीच, तिला कधी कुणी औषध दिलं नाही. बाजाराच्या दिवशी तो ओट्यावर बसायचा आणि वेल्ह्याच्या वाटेकडं बघायचा. काही मागायचा नाही. मी केलं ते बरोबर की चूक, हे त्यानं कधी सांगितलं नाही. सांगायच्या आधीच गेला. मीही विचारलं नाही. आजही स्वप्नात तो मान वाकवतो, माझ्या हाताला कान पोचावा म्हणून. मी हात मागं घेते, आणि तो मान तशीच वाकलेली ठेवतो.

आता मी नागपूरला. लग्न होऊन आले, नवरा गिरणीत. मी त्याच गिरणीच्या पाळणाघरात आया आहे. इथली बोली वेगळी, ऊन वेगळं, आणि अफू तीच. सकाळी बायका पाळीला जाण्याआधी पोरं आणून देतात. मी प्रत्येक पोराचं तोंड हुंगते, पापणी उचलून बघते. एखादं मेल्यासारखं निजलेलं असतं. त्याची आई म्हणते, "कायले वरडता बाई, रात्रभर रडत होतं ना, म्हून थोडीशीच देल्ली." मी ओरडत नाही. तिला बसवते, माझ्या आईच्या डबीची गोष्ट सांगते. शेजारी एखादा बाप्या जांभई देतो आणि माझे हात गार पडतात.

पाळणाघराच्या बाई फार चांगल्या आहेत. त्यांनी मला कामाला घेतलं, अर्धी राहिलेली चौथी त्यांनीच पुरी करून घेतली. हे लिहिता येतंय ते त्यांच्यामुळं. गेल्या आठवड्यात त्या आनंदानं आल्या. शहराच्या कमिटीपुढं अर्ज केलाय, अफू आणि दारू सोडवायला इस्पितळात खाटा ठेवा, खर्च सरकारनं करावा. म्हणाल्या, "तुझा अनुभव लिहून दे. आणि कमिटीपुढं अफू सोडलेल्या एखाद्या माणसाला उभं करू. त्याला बघून त्यांना दया येईल, लगेच पैसे मंजूर होतील."

त्यांचं मन साफ होतं. डॉक्टरांचंही असेल. नोकरी जाईल ही भीती मला रोजच असते, त्या दिवशी जास्त वाटली. तरी म्हणाले, "बाई, कुणाला उभं करू नका."

"अगं, मग पैसे कसे मिळतील?"

"मी येते. खुर्ची द्या, बसून सांगते. दया मागणार नाही. जो पैसा दुकानातून उचलता तो आमच्या घरातून आलेला आहे, एवढंच सांगते. त्यातून खाट द्यायची तर हक्कानं द्या. कान धरायला लावून द्यायची असेल, तर मी त्याच कमिटीपुढं उठून नको म्हणेन."

बाईंनी टेबलावरचे कोरे कागद माझ्याकडं सरकवले. मग म्हणाल्या, "हेच लिहून आण." त्यांना राग आला की काय, मला कळलं नाही. मी लिहिलंय. उद्या हा कागद घेऊन जाईन. नोकरी राहिली तर राहिली.

चादर माझ्या ट्रंकेत आहे. मधून विरली आहे, उजेडात धरली की आरपार दिसतं. आक्का म्हणाली तसंच झालं, फुली अजून काळी आहे.

सोनाआक्का, तुझं धुणं माझ्यापायी गेलं. ते मी तुला परत आणून देईन. आज इथं खाटा मागते, उद्या भोरला मागेन, त्याच अंगणात उभी राहून. त्या खाटांवरच्या चादरींना कोपऱ्यात फुली नसेल. मी स्वतः त्यांचं गाठोडं बांधून, डोक्यावर घेऊन तुझ्या दारात येईन, आणि सगळ्या चादरी एकाच भट्टीत घालायला तुझ्या हातात देईन.